वनस्पती ऊतींच्या तयार स्लाइड्सचा सेट: आडवे छेद भारी, उभे छेद फार कमी

बॉक्समध्ये १२ स्लाइड्स आहेत, कडा नीट घासलेल्या, कव्हरस्लिपखाली कुठे बुडबुडा नाही, आणि ज्यासाठी घेतला ते, म्हणजे पॅरेन्कायमा (पातळ भिंतींच्या साध्या पेशींची ऊती), कोलेन्कायमा (कोवळ्या भागांना आधार देणारी), झायलेम (पाणी वाहणारी), फ्लोएम (अन्न वाहणारी) ही पुस्तकातली नावं मुलांना खरीखुरी दाखवता यावीत, ते काम ह्या सेटने बरंचसं केलं.

सगळ्यात आवडलेली स्लाइड सूर्यफुलाच्या खोडाची. आधी ४० पटीवर अख्खा गोल बघून घ्या, व्हॅस्क्युलर बंडल, म्हणजे झायलेम-फ्लोएमचे जुडगे, कसे एका वर्तुळात बसलेत ते कळतं, मग १०० पटीवर बाहेरून आत सरकत जा. बाहेर एका पेशीचा बाह्यत्वचेचा थर, त्याला लागूनच कोलेन्कायमा, म्हणजे आपली स्थूलकोन ऊती, आणि पेशींचे कोपरे इतके स्पष्ट जाड दिसतात की काही सांगावंच लागत नाही. कोवळं खोड वाऱ्यात वाकतं पण मोडत नाही ते हिच्यामुळे, कारण ह्या पेशी जिवंत असतात, भिंतीत सेल्युलोज आणि पेक्टिन असतं, भिंत कडक करणारं लिग्निन नसतं, त्यामुळे खोड वाढेल तशा त्या पण ताणल्या जातात. आणखी आत गेलं की प्रत्येक बंडलवर दृढ ऊतीची, म्हणजे जाड कडक भिंतींच्या स्क्लेरेन्कायमाची, लाल टोपी, मग फ्लोएम, मधे कॅम्बियमची, म्हणजे नव्या पेशी करून खोड जाड करणाऱ्या थराची, बारीक पट्टी, मग झायलेम, आणि मधोमध पॅरेन्कायमाच्या मोठ्या सैल पेशी.

हिच्या शेजारी मक्याच्या खोडाची ठेवा. बंडल सगळीकडे विखुरलेले, कॅम्बियम नाहीच, म्हणून ह्याचं खोड सूर्यफुलासारखं जाड होत जात नाही, आणि बाह्यत्वचेखाली कोलेन्कायमाच्या जागी थेट स्क्लेरेन्कायमा. ह्या दोन स्लाइड्ससाठी सुद्धा सेट घ्यावा असं माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र माहितीपत्रकात हवीच होती. लाल रंग सॅफ्रानिनचा आहे, तो लिग्निन असलेल्या भिंतींवर बसतो, आणि हिरवा फास्ट ग्रीनचा, तो सेल्युलोजच्या भिंतींवर. हे न सांगता स्लाइड दाखवली तर मुलं तो झाडाचाच रंग समजतात, आणि सांगितलं तर लाल भाग बघून कुठे कडक, लाकडासारखी भिंत आहे ते स्वतःच ओळखतात.

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड पण सुंदर, विभाजी ऊतीच्या, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या, पेशी दाटीने बसलेल्या, भिंती पातळ, केंद्रक मोठं, आणि ४०० पटीवर विभाजनाच्या वेगवेगळ्या पायऱ्या शोधता येतात. पेअरच्या गरातल्या दगडपेशी अप्रतिम आहेत, भिंत एवढी जाड की आत जेमतेम पोकळी उरलीय, फळ खाताना दाताखाली जे कचकच लागतं ते हेच.

नाराजी फ्लोएमवर. आडव्या छेदात चाळणी नलिका, म्हणजे फ्लोएममधल्या अन्न वाहणाऱ्या नळ्या, नुसते छोटे गोल दिसतात, बाजूच्या सहपेशी दिसल्या तर दिसल्या. खरं काम कळायला उभा छेद लागतो, भोपळ्याच्या खोडाचा असेल तर उत्तमच, त्यात चाळणी पट्ट्या, म्हणजे नळीतल्या दोन पेशींमधल्या भोकाभोकांच्या भिंती, आणि त्यांची भोकं मोठी असतात, अन्न एका पेशीतून पुढच्या पेशीत कसं जातं ते तिथे समजतं. झायलेमचं पण तेच, वाहिन्यांच्या भिंतीवरची वर्तुळाकार आणि सर्पिल जाडी उभ्या छेदातच दिसते आणि त्या मेलेल्या पोकळ नळ्या पाणी ओढताना आत का दबत नाहीत ते त्या जाडीवरून कळतं. कांद्याचं मूळ सोडलं तर सेटमध्ये एकही उभा छेद नाही, हे मला खरंच खटकलं.

पर्णरंध्राची स्लाइड नसती तरी चाललं असतं, ऱ्हिओच्या (खालून जांभळ्या पानांचं शोभेचं झाड) पानाची खालची साल ताजी काढून पाण्याच्या थेंबात ठेवली तर रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतलं हरितद्रव्य जिवंत हिरवं दिसतं, रंगवलेल्या स्लाइडमध्ये ती मजा नाही. तिच्या जागी पाणवनस्पतीचं खोड द्यायला हवं होतं, हवेच्या पोकळ्या असलेली ऊती ह्यात कुठेच नाही.

आणि हो, आल्या आल्या लेबलं तपासा. माझ्याकडे एकावर एकदल खोड लिहिलं होतं आणि आत निघालं मूळ, झायलेम आणि फ्लोएम एकाआड एक वेगळ्या त्रिज्यांवर होते त्यावरून लगेच कळलं, विक्रेत्याने बदलून दिली. ५ पैकी ४ स्टार, भोपळ्याचा उभा छेद टाकला तर पाचवा पण देईन.