गाडीचं कर्ज शोरूममधून घ्यायचं की थेट बँकेतून?

‘साहेब, महिन्याला किती हप्ता झेपेल?’ शोरूमच्या फायनान्स टेबलावर पहिला प्रश्न हाच येतो. व्याजदराचं नाव नंतर निघतं. तुम्ही एकदा ‘चौदा हजारांपर्यंत’ म्हणालात की बँक, दर, मुदत, विमा सगळं त्या चौदा हजारांत बसवून कोटेशनच्या मागच्या बाजूला लिहून मिळतं.

शोरूम आणि बँक यांच्यातला हा मधला माणूस, म्हणजे फायनान्स एजंट, मुद्दाम महाग कर्ज गळ्यात मारतो का? दरवेळी नाही. पण त्याचा पेआउट, म्हणजे कमिशन, कर्ज देणाऱ्याकडून येतो आणि तो कर्जाच्या रकमेवर टक्क्यांत मोजतात. सगळ्या बँका आणि फायनान्स कंपन्या सारखा पेआउट देत नाहीत. ठरावीक रकमेचं कर्जवाटप झालं की पेआउटच्या टक्क्यांचा स्लॅबही वर सरकतो. म्हणून महिनाअखेरीस एखादीच कंपनी अचानक ‘सगळ्यात फास्ट’ होते. तुम्हाला अर्धा टक्का स्वस्त मिळवून दिल्याचे त्याला काहीच पैसे नसतात. मेख तिथे आहे.

ब्रिटनमध्ये हा खेळ सर्रास चालायचा. डीलर दर जितका वर नेईल तितकं त्याचं कमिशन वाढायचं. तिथल्या वित्तीय नियामकाने २०१९ मध्ये हिशेब मांडला: १०,००० पौंडांच्या कर्जावर चार वर्षांत सुमारे १,१०० पौंड जादा व्याज जाऊ शकतं. २८ जानेवारी २०२१ पासून ती पद्धत बंद झाली. आपल्याकडे शोरूमच्या टेबलावर पेआउटचा आकडा कुणी आपण होऊन सांगत नाही. तेव्हा हिशेब आपणच करायचा. ८ लाखांचं कर्ज धरू (दर उदाहरणापुरते):

| पर्याय | हप्ता (रु.) | एकूण व्याज (रु.) |
|---|---|---|
| थेट बँक, ९%, ५ वर्षं | १६,६०७ | १,९६,४०० |
| शोरूम, १०.५%, ५ वर्षं | १७,१९५ | २,३१,७०० |
| ‘फक्त ६% फ्लॅट’, ५ वर्षं | १७,३३३ | २,४०,००० |
| शोरूम, १०.५%, ७ वर्षं | १३,४८९ | ३,३३,००० |

चौथी ओळ म्हणजे वरचा ‘चौदा हजारांत बसवलेला’ हप्ता. दिसायला तीन हजारांनी हलका, व्याज मात्र पहिल्या ओळीपेक्षा १,३६,००० रुपयांहून जास्त. तिसऱ्या ओळीतला सहा टक्के फ्लॅट रिड्यूसिंगमध्ये (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलं तर) साधारण १०.८५ टक्के पडतो, कारण मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच लागत राहतं. दर सांगितला की लगेच विचारा: फ्लॅट की रिड्यूसिंग? आणि ‘पहिला हप्ता ॲडव्हान्स’ असेल तर तितकी रक्कम तुमच्या हाती आलेलीच नसते, व्याज मात्र तिच्यावर धरलेलं असतं.

‘आमच्याकडून फायनान्स घेतलंत तरच १५,००० डिस्काउंट’ हे वाक्य बहुतेक शोरूममध्ये ऐकायला मिळतं. पहिल्या दोन ओळींतला फरक ३५,३०० आहे. म्हणजे पंधरा मिळवायला पस्तीस मोजायचे.

दरापेक्षाही जास्त गळती कर्जात मिसळलेल्या वस्तूंतून होते. कर्ज सुरक्षा विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, ॲक्सेसरीज असे ३५,००० मुद्दलात घातले की १०.५ टक्क्यांनी पाच वर्षांत त्यांचे सुमारे ४५,१०० होतात. हे फक्त शोरूमवालेच करतात असंही नाही. कार कर्जाच्या ग्राहकांना जीपीएस यंत्रं विकल्याच्या प्रकरणात रिझर्व्ह बँकेने मे २०२१ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेला १० कोटींचा दंड केला होता. गाडीचा विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही, तेव्हा त्याचंही कोटेशन वेगळं मागवा.

हे सगळं एका कागदावर पकडता येतं: की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या रिटेल कर्जांना ते द्यावंच लागतं. त्यातला एपीआर हा वार्षिक खर्चाचा आकडा प्रोसेसिंग फी आणि बँकेमार्फत वसूल होणारा विम्याचा हप्ता धरून काढलेला असतो, म्हणून दोन पर्यायांची तुलना एपीआरवर करायची. सात दिवसांहून जास्त मुदतीच्या कर्जात केएफएस हाती आल्यावर विचाराला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. गडबड होते ती पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात हवी असते तेव्हा. टॅबवर सह्या होतात, ओटीपी दिला जातो, आणि केएफएस मेलमध्ये नंतर सापडतं. ओटीपी ही तुमची सहीच असते, तेव्हा कागद वाचल्याशिवाय तो द्यायचा नाही.

मुदतीआधी कर्ज फेडायचा विचार असेल तर दराचा प्रकार बघा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, बिगरव्यावसायिक कारणासाठी व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग (बदलत्या दराच्या) कर्जावर प्रीपेमेंट शुल्क, म्हणजे मुदतीआधी फेडण्याचं शुल्क, नाही. पण कार कर्जं बऱ्याचदा फिक्स्ड असतात. वरच्या पहिल्या ओळीतलं कर्ज दोन वर्षांनी बंद करताना सुमारे ५.२२ लाख बाकी असतील. ५ टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे जवळपास ३०,८०० रुपये.

थेट बँकेत वेळ जातो. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि डीलरचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस घेऊन शाखेत खेटे पडतात. पगाराचं खातं असलेल्या बँकेत हे सोपं जातं. गंमत म्हणजे बँकेच्या वेबसाइटवर फॉर्म भरला तरी फोन अनेकदा डीएसएचाच, म्हणजे बँकेसाठी कर्ज विकणाऱ्या एजंटचाच, येतो. ‘तुम्ही बँकेचे कर्मचारी की एजंट?’ असं सरळ विचारावं. नागरी सहकारी बँकेत दर बरा वाटला तरी काही ठिकाणी अडीच टक्क्यांचे शेअर्स घ्यावे लागतात, म्हणजे ८ लाखांवर २०,००० अडकले. ॲपवर शोधणार असाल तर १ नोव्हेंबर २०२५ पासून अनेक कर्जदाते जोडणाऱ्या ॲपला तुम्हाला लागू पडणारे सगळे देकार एपीआरसह, कुणाला झुकतं माप न देता दाखवावे लागतात.

आयटीआर नसलेला व्यावसायिक, जुनी गाडी किंवा घसरलेला सिबिल असेल तर एजंट उपयोगाचा, कारण कुठली कंपनी कुठली फाइल घेते हे त्याला पाठ असतं. फक्त ‘चार ठिकाणी टाकून बघतो’ याला होकार देऊ नका. प्रत्येक ठिकाणची चौकशी रिपोर्टवर चढते. एका वेळी एकच नाव, तेही आधी तुम्हाला सांगून.

पगारदार असाल आणि सिबिल ७५०च्या वर असेल, तर आधी बँकेचं सँक्शन लेटर खिशात घाला आणि मगच शोरूमला जा. गाडीची किंमत रोखीच्या हिशेबाने आणि फायनान्सच्या हिशेबाने वेगवेगळी लिहून मागा. मग पत्र टेबलावर ठेवा. साडेदहाचा दर बऱ्याचदा तिथल्या तिथे उतरतो. समजा ९.२५ वर आला: पाच वर्षांत थेट बँकेपेक्षा सुमारे ५,८०० जादा. प्रोसेसिंग फी आणि फोरक्लोजर (कर्ज मुदतीआधी बंद करण्याचं) शुल्क सारखंच असेल आणि १५,००० चं डिस्काउंट बिलावर खरंच उतरलेलं असेल, तर शोरूमचंच कर्ज घ्या. नऊ हजार वाचतात.