प्रेषितांचा मतांगीकार आणि नायसीन मतांगीकार

मतांगीकार म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची थोडक्यात मांडलेली कबुली. प्रेषितांचा मतांगीकार रोममधील बाप्तिस्म्याच्या जुन्या कबुलीतून घडत गेला, म्हणून तो आटोपशीर आहे आणि नव्याने विश्वासात येणाऱ्याला सहज तोंडपाठ होतो. नायसीन मतांगीकार मात्र वादातून जन्मला. पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे, असे अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस शिकवू लागला, तेव्हा ३२५ साली नायसिया येथे जमलेल्या बिशपांनी पुत्र ‘जन्मलेला, निर्मिलेला नव्हे’ आणि पित्याशी एकतत्त्व आहे, असे ठामपणे लिहून ठेवले. पवित्र आत्म्याविषयीचा विस्तार ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडला जातो. येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पंतय पिलात याचे नाव आज दोन्हींत येते, त्यामुळे वधस्तंभ इतिहासात पक्का रोवलेला राहतो. तरीही प्रेषितांच्या मतांगीकारातील बहुतेक वाक्ये आरियसलाही म्हणता आली असती. म्हणून ख्रिस्त कोण, हाच प्रश्न असेल तेथे मी नायसीन मतांगीकारच पुढे ठेवीन.