सौर पंप घ्यावा की लाईनच्या जोडणीसाठी थांबावं?

चोपडा तालुक्यात आमच्या दोन विहिरी आहेत. माझ्या विहिरीवरची मोटार महावितरणच्या लाईनवर चालते, धाकट्या भावाच्या विहिरीवर सौर पंप आहे. त्यामुळे लाईनच्या जोडणीचं कोटेशन भरून वाट पाहत बसलेला माणूस भेटला की हमखास विचारतो, "काय घेऊ?" मी आधी विचारतो, पाणी किती खोल आहे आणि लावायचं काय आहे?

पाणी वर असेल, पाच एकराच्या आतलं रान असेल, कापूस-हरभरा घ्यायचा असेल तर सौर पंप घेऊन टाका. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच भरावे लागतात. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे ७.५. आणि रात्रीचं जाणं सुटतं. माझ्या लेखी पैशांपेक्षा हे मोठं आहे. शेतीची लाईट रात्री यायची त्या आठवड्यात वडील बारा वाजता बॅटरी घेऊन पाणी भरायला निघायचे, आई ते येईपर्यंत ओट्यावर बसून राहायची. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची भीती, पायाखाली सापाची. "लाईट उनी (आली) का रे भो?" असा अपरात्रीचा फोन भावाच्या घरी आता येत नाही.

केळीचं गणित वेगळं. तिला ठिबकमधून नेमानं पाणी लागतं आणि ठिबकला एकसारखा दाब. भावाच्या पंपाची धार थंडीत सकाळी आठला करंगळीएवढी असते, दुपारी मनगटाएवढी होते आणि चारनंतर पुन्हा बारीक. आभाळ भरून आलं की तेवढीही राहत नाही. शेवटी त्यानं हौद बांधला, बागेचे तीन भाग पाडून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह बसवला, तेव्हा घडी बसली. केळीसाठी सौर पंप घेणार असाल तर हौदाचा खर्च आधीच धरा. रावेर-यावलकडे जिथे बोअर फार खोल गेलेत, तिथे ७.५ एचपीच्या भरवशावर बाग लावू नका.

लाईनवर दाब मिळतो, पण आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांचे मोटार आपोआप चालू करणारे ऑटोस्विच आहेत. लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं आणि कुणाची तरी मोटार जळते. बिलाचं म्हणाल तर ७.५ एचपीपर्यंतचं बिल मार्च २०२९ पर्यंत राज्य सरकार भरणार आहे. खोल बोअरसाठी १० एचपी बसवली की बिल तुमचं.

लाईनमागे एक गोष्ट उभी आहे, कायद्याचा आधार; ती फारसं कुणी मोजत नाही. १९९९ पासून राज्यात वीज नियामक आयोग आहे, २००३ चा विद्युत कायदा आहे, आणि त्याच कायद्याप्रमाणे २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झाली. दर आयोग ठरवतो. बिघाड दुरुस्तीच्या मुदतीही त्यानेच घालून दिल्यात. मुदत चुकली तर भरपाई मागता येते. त्यासाठी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. वायरमनला तोंडी सांगितलेलं पुढे कामाला येत नाही. महावितरणकडे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल.

सौर पंपात वीज तुमच्याच शेतात तयार होते, कुणी पुरवत नाही, त्यामुळे पुरवठ्याच्या या मुदती तिथे लागू होत नाहीत. तिथे आधार ५ वर्षांच्या हमीचा आणि विम्याचा.

म्हणून केळीवाल्यानं तिसरी वाट नीट पाहावी: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०. वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे येणाऱ्या वाहिनीवर, दिवसा येते. मोटार तीच, तार तीच, आयोगाचं छत्रही तेच. तुमचा फीडर त्यात आहे का, काम कुठवर आलं, हे उपकेंद्रात जाऊन विचारा. काम सुरू असेल तर मी थांबेन. प्रकल्पाची जमीन अजून नक्की झाली नसेल तर थांबण्यात हंगाम जाईल; मग हौद धरून सौर पंप.

सौर पंपाचा पुरवठादार योजनेच्या यादीतून आपणच निवडायचा असतो. त्याचा दुरुस्तीचा माणूस चोपड्यात आहे, जळगावात आहे की पुण्याहून येणार, हे निवडण्याआधी विचारा. बसवल्या दिवशीच पॅनल आणि कंट्रोलरवरच्या क्रमांकांचे फोटो काढून ठेवा. भावाचा कंट्रोलर गेल्या वर्षी बंद पडला, तेव्हा त्या फोटोवरच काम झालं.