टेलि-मानस 14416 : पक्षाघातग्रस्ताच्या जोडीदाराला फोनवरचा आधार

पक्षाघाताने यजमानांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली, तेव्हा औषधे, व्यायाम, पथ्य यांविषयी सगळ्यांनी सांगितले. पण परळच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर त्यांचे सारे करणाऱ्या माझ्या मनाची विचारपूस कोणी केली नाही. म्हणून केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या, चोवीस तास चालणाऱ्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मोफत दूरध्वनी सेवेला मी फोन केला. मराठीत बोलता येते, ही मोठीच सोय.

समुपदेशक ताईंनी घाई न करता ऐकून घेतले. सदऱ्याचे बटण लावायला गेले की हे डाव्या हाताने माझा हात झिडकारतात आणि लगेच रडू लागतात, असे मी सांगितल्यावर, मेंदूला इजा झाल्याने रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटू शकतो, प्रत्येक वेळी त्यामागे दुःखच असते असे नाही, आणि हे मेंदूविकारतज्ज्ञांच्या कानावर घालावे, असे त्यांनी समजावले. मला येणारा संताप म्हणजे माया आटली असे नव्हे, हेही मी त्यांच्याकडूनच प्रथम ऐकले. रुग्णाला उचलायला, बसवायला माणूस मात्र आपणच शोधावा लागतो. तरीही ज्यांच्या जोडीदाराला नुकताच झटका आला आहे, त्यांनी स्वतः खचण्याआधी हा क्रमांक लावावा, असे मी आग्रहाने सांगेन.