कर्जतचा एस, स्लोचा एस: मध्य रेल्वेच्या लोकल इंडिकेटरची पारख

मध्य रेल्वेच्या मेन लाइनवरचा फलाटावरचा इंडिकेटर चार गोष्टी सांगतो: गाडी कुठली, वेळ काय, स्लो की फास्ट आणि डबे किती. जिना उतरता उतरता पूर्ण नाव वाचायला सवड नसते. खरं काम करतं ते डावीकडचं अक्षर, आणि माझ्या मते या पाटीतली तीच सगळ्यात हुशार गोष्ट.

के म्हणजे कल्याण. कर्जत आणि कसाराही 'क'चेच, पण के आधीच गेलेला. कल्याणनंतर रूळ दोन बाजूंना फुटतात, त्यामुळे ईशान्येच्या (नॉर्थ-ईस्ट) कसाऱ्याला एन आणि आग्नेयेच्या (साउथ-ईस्ट) कर्जतला एस. बदलापूरला जाणाऱ्याला बदलापूर, कर्जत, खोपोली यांतली कुठलीही चालते. अंबरनाथ चालत नाही, ती एक स्टेशन आधीच संपते. चुकून एन पकडली तर कल्याण सुटल्यावर विठ्ठलवाडीऐवजी शहाड येतं.

घोळ इथेच आहे: स्लोलाही एसच. एस एफ म्हणजे कर्जत फास्ट, एस एस म्हणजे कर्जत स्लो, के एस म्हणजे कल्याण स्लो. अक्षर कोणत्या जागी आहे ते बघायचं. नवख्याला हे कुणी सांगत नाही. कर्जतसाठी वेगळं अक्षर हवंच होतं. शिवाय एफ थांबे सांगत नाही, त्यासाठी अनाउन्समेंट ऐकावी लागते.

पूर्ण नाव मराठी, हिंदी, इंग्रजी असं आळीपाळीने येतं. 'कल्याण' मराठीत आणि हिंदीत सारखंच, त्यामुळे देवनागरी न येणारा दोन फेऱ्या ताटकळतो. देवनागरी एकदाच दाखवली तरी भागेल.

पाटी चुकते ती बहुधा गाड्यांचा क्रम बदलला की. ट्रॅक सर्किटला, म्हणजे गाडी ओळखण्यासाठी रुळांतून सोडलेल्या विजेच्या मंडलाला, रुळावर गाडी आहे एवढंच कळतं, कुठली ते नाही; ओळख यंत्रणेला वेगळी द्यावी लागते. मधली एखादी रद्द झाली आणि ही नोंद सुधारली नाही, की पुढच्या गाडीवर आधीचं नाव चढतं. अशा वेळी गाडीच्या कपाळावरचं अक्षर बघून चढावं. मात्र सीएसएमटीला नुकत्याच आलेल्या गाडीवर जुनंच अक्षर असू शकतं, ते बदलेपर्यंत थांबावं.

डब्यांचा आकडा लोक बघत नाहीत, पण १२ की १५ यावर तुमचा डबा फलाटावर कुठे लागेल ते ठरतं.