मुलांसोबत नदीवर मासेमारी: साधे ल्युअर, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

मुलांसाठी ल्युअर (माशाला भुलवणारं खोटं आमिष) घ्यायचा तर एकच गळ असलेला, पाच-सात ग्रॅमचा आणि खडकात अडकून गेला तरी जीव हळहळणार नाही असा घ्या. दिवाळीनंतर मी घेतलेल्या सामानातून आता हाताशी उरलेत ते असेच. बाकीचं डब्यात पडून आहे. मी इंदूरचा. सोबत माझी नऊ वर्षांची लेक आणि बारा वर्षांचा भाचा. जागा बहुतेक वेळा बडवाह-मंडलेश्वरच्या बाजूची नर्मदा, कधी चोरल नदीतले डोह.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ल्युअरच्या पाकिटावर बास माशाचं चित्र असतं. हा मासा अमेरिकेचा. तिकडच्या वाहत्या, खडकाळ नद्यांत स्मॉलमाउथ बास राहतो, दगडांमधले क्रेफिश (गोड्या पाण्यातले कोळंबीसारखे प्राणी) आणि बारके मासे खातो. तिथे मुलांना पहिल्यांदा नदीवर नेताना हातात छोटा स्पिनर नाहीतर शेपटी हलवणारी मऊ प्लास्टिकची अळी देतात. नर्मदेत बास नाही, पण तो सल्ला इथेही लागू पडतो. मरळ, पढिन, बाडस (नर्मदेतल्या महाशीराला इकडचे मच्छीमार हेच म्हणतात) हे सगळे पळणाऱ्या बारक्या माशावर झडप घालणारे. त्यामुळे पाकिटावरचा मासा बघू नका, वजन आणि गळ बघा.

माझी पहिली पसंती स्पिनर. तारेच्या कण्याभोवती फिरणारं पत्र्याचं पातं, खाली पितळेचा मणी, शेवटी गळ. असा स्पिनर फ्रान्सच्या मेप्स कंपनीने १९३८ साली आणला आणि आजही त्यात फारसं काही बदललेलं नाही. मुलांसाठी तो चांगला कारण तो चालतोय की नाही हे हाताला कळतं. पातं फिरायला लागलं की काठीत बारीक थरथर येते. लेकीला मी एवढंच सांगितलं होतं, "थरथर लागते तेवढ्या वेगाने गुंडाळ." दुसरं काही शिकवावं लागलं नाही. थरथर थांबली की ती स्वतःच म्हणते, "बाबा, गवत अडकलं." आणि खरंच पात्याच्या मुळाशी शेवाळाचा एक दोरा गुंडाळलेला असतो. मासा लागो न लागो, पाण्याखाली काय चाललंय हे तिला कळत असतं, म्हणून ती तासभर कंटाळत नाही. आमच्या नदीला दोन नंबरचा, साधारण पाच ग्रॅमचा स्पिनर बरोबर बसतो. त्याहून हलका घेतला तर मुलं जोरात गुंडाळतात आणि तो पाण्याच्या वर येऊन नुसता घसरत राहतो. पाणी निवळ असेल तर चांदीच्या रंगाचं पातं, गढूळ असेल तर सोनेरी.

स्पिनरचा एक त्रास आहे. तंगूसला (नायलॉनच्या दोरीला) पीळ पडतो, आणि मग पुढच्या फेकीला रिळावरून वेटोळी सुटून असा गुंता होतो की मूल रडकुंडीला येतं. स्पिनरच्या वर हातभर अंतरावर चांगली स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी जोडकडी) बांधा. ती स्वस्तातली घेऊ नका, अडली की असून नसल्यासारखीच.

आता गळाबद्दल, कारण खरी काळजी तिथे आहे. दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक स्पिनरला तीन टोकांचा गळ असतो. तो मी घरीच काढून टाकतो आणि जागी लांब दांड्याचा सहा नंबरचा एकेरी गळ बसवतो. मग बारीक चोचीच्या पकडीने टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करतो. कापसाच्या बोळ्यावरून गळ ओढून बघायचा. धागा अडला तर अजून दाबायचा. पुढे कधी तो बोटात रुतलाच तर सहज बाहेर येतो, माशाच्या तोंडातूनही एका हिसक्यात सुटतो. उलटा काटा नसल्याने काही मासे सुटतात हे खरं, पण दोरी ताणलेली ठेवली तर बरेचसे येतात. आणि दोरी ताणलेली ठेवायची सवय मुलांना त्यातूनच लागते.

मासे जास्त मिळतात ते मात्र मऊ अळीवर. शिशाचं डोकं असलेला गळ, त्यावर दोन-अडीच इंचांची वळलेल्या शेपटीची अळी. टाकायची, तळाला लागू द्यायची, हळूहळू ओढायची. भाच्याला हे जमलं, लेकीला अजून नाही, कारण इथे हाताला थरथर मिळत नाही आणि तळाचा दगड कुठला, माशाचा टोला कुठला हे ओळखायला वेळ लागतो. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलाला जरूर द्या. शिसं हाताळल्यावर पोहे-शेव खायच्या आधी साबणाने हात धुवायला लावा, आणि ते डोकं दातात धरायची सवय असेल तर आधी ती मोडा. या अळ्या कडक प्लास्टिकच्या ल्युअरसोबत एका खणात ठेवू नका. गाडीतल्या उन्हाने त्या विरघळून रंगासकट दुसऱ्या ल्युअरला चिकटतात.

गवत आणि बुडालेली झुडपं असतील तिथे हीच अळी टेक्सास पद्धतीने लावा, म्हणजे गळाचं टोक अळीच्या अंगातच लपलेलं. मरळ अशाच जागी बसते. एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवा: पावसाळ्याच्या सुमारास पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा एकत्र वरखाली होताना दिसला तर खाली मरळीची जोडी राखण करत असते. तिथे ल्युअर टाकायचा नाही. आई-बाप गेले तर अख्खा थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. माझ्या लेकीला हे एकदाच सांगावं लागलं, आता ती दुसऱ्यांना सांगते.

दोन-दोन तिहेरी गळांचे, माशासारखे रंगवलेले मोठे ल्युअर मी मुलांच्या हाती देत नाही. एक स्वस्तातला संचही मागवला होता. त्यातल्या बऱ्याच ल्युअरच्या कड्या पहिल्या जोरातच उघडल्या. पैसे गेले ते गेलेच, पण लटकते गळ घेऊन मासा निघून जाणं मला फार लागलं.

काठी साडेपाच फुटांची, हलकी. रीळ हजार किंवा दोन हजार नंबरचं. दोरी साधी तंगूस, सहा ते आठ पौंडांचा ताण झेलणारी. विणलेल्या दोरीने मुलांची बोटं कापतात. टोपी आणि चष्मा हवाच, आणि फेकण्याआधी मागे वळून बघायचा नियम. आमच्याकडे जो मागे बघत नाही त्याची पाळी जाते.

नर्मदेबद्दल एक गोष्ट नीट वाचा. बडवाहच्या वर ओंकारेश्वर आणि त्याही वर इंदिरा सागर अशी दोन धरणं आहेत. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की कोरडे खडक थोड्याच वेळात बुडतात. एप्रिल २००५ मध्ये नर्मदाकाठच्या धाराजीला असंच अचानक वाढलेलं पाणी आलं आणि स्नानाला जमलेले कितीतरी भाविक वाहून गेले. म्हणून मुलांना मधल्या खडकांवर कधीच नेऊ नका. काठावर पाण्याच्या रेषेशी एक दगड ठेवा आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम एका मुलाला द्या. रेषा दगडाच्या वर गेली की सामान उचलून वर. अंगात लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. मगरीही आहेत, त्या जागा गावातल्या केवट (नावाडी) मंडळींना ठाऊक असतात. मी प्रत्येक वेळी आधी त्यांच्यापैकी एखाद्या काकांना विचारतो. महेश्वर-ओंकारेश्वरच्या घाटांवर तर काठी काढायचीच नाही. लोक तिथे माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवा.

बाडस लागली तर ती पाण्यातच धरून, ओल्या हातांनी गळ काढून सोडायची. महाशीर २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. त्याला वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो, आणि धरणांमुळे नर्मदेत तेच कमी झालंय. भाच्याच्या स्पिनरला एक वीतभर बाडस लागली होती. एकेरी गळ ओठाच्या कडेला होता, पकड लागलीसुद्धा नाही.

तलावावर जाणार असाल तर आधी चौकशी करा, बरेच तलाव मच्छीमार समित्यांना भाडेपट्ट्यावर दिलेले असतात. राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते. बंदी उठल्यावरही पाणी लाल आणि जोरदार असतं, त्यामुळे आम्ही दसऱ्यानंतरच निघणार. तोपर्यंत चांदीचे आणि सोनेरी असे दोन-दोन स्पिनर, एकेरी गळांचं एक पाकीट आणि चार चांगल्या स्विव्हल आणायच्या आहेत. गळ बदलायचं काम यंदा भाच्याला देणार आहे.