सीमालढा की भाषिक हक्क? बेळगावच्या तरुणाने वेळ कशाला द्यावा

बेळगाव कर्नाटकातच राहू द्या म्हणणारा महाजन आयोगाचा अहवाल इथल्या माणसाला नव्याने सांगायला नको. प्रश्न एवढाच, की नोकरी-शेती सांभाळून उरलेला वेळ महाराष्ट्रात जाण्याच्या मागणीला द्यायचा, की कर्नाटकात राहून मराठीचे हक्क मिळवायला?

मागणी खरी आहे. १९५६ साली चंदगड तालुका वगळून अख्खा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातला. हद्द आखताना गाव हा घटक, सलगता आणि भाषिक बहुसंख्या पाहा, एवढंच आपलं म्हणणं. देश सोडायचाच नाही, म्हणून याला कुणी फुटीरता म्हटलं की मला राग येतो. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, आपण निषेधाचा काळा दिन पाळतो; त्या फेरीत जे बळ येतं ते अर्ज लिहून येत नाही, हेही खरं. पण महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि राज्याची हद्द बदलायची तर घटनेच्या कलम ३ प्रमाणे संसदेने. आपल्या हाती उरतं काय?

हक्कांचं काम रटाळ. मला तिकडे ढकललं ते शेताच्या उताऱ्याने. बाजारात माझं कन्नडवाचून अडत नाही, पण सरकारी कन्नड वाचताना घाम फुटतो. सोसायटीचं कर्ज फिटलेलं. बोजा उतरला की नाही, हे उताऱ्यावरून कळेना. कचेरीबाहेरच्या टायपिस्टने पैसे घेऊन एक सांगितलं, शेजारच्याने दुसरंच. आपल्याच जमिनीचं आपल्याला कुणीतरी वाचून दाखवायचं!

वस्तीत १५ ते २० टक्के भाषिक अल्पसंख्याक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ मध्येच ठरलंय. अंमल होत नाही, ही या वाटेची मोठी खोट. हक्क मागणं म्हणजे दावा सोडणं, असंही जुनी मंडळी म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण त्यांनी लाठ्या खाल्ल्यात, वाद घालवत नाही.

हक्कांची वाट कुठवर नेते, ते इटलीत दिसतं. तिथल्या दक्षिण टायरोलमधले जर्मन भाषक आपल्या प्रदेशासह ऑस्ट्रियात जाऊ पाहत होते. १९७२ च्या स्वायत्ततेने कारभारात दोन्ही भाषा पक्क्या झाल्या, आणि १९९२ साली ऑस्ट्रियानेच वाद मिटल्याचं कळवलं. वेगळं व्हायचं म्हणणारे तिथे आजही आहेत, पण थोडे.

काळ्या दिनाला मी जातोच, तुम्हीही या. बाकीचे दिवस मात्र ग्रामसभेत ‘नोटिसा मराठीतही द्या’ असा ठराव करून घ्यायला, त्याची प्रत केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना धाडायला आणि पोचपावती जपून ठेवायला लावावेत.